शिक्षकाची नीती नेमणुकीपासून सुरू होते

शाळेची स्मरणिका हाती घेतली की तीत काय असेल याचा वाचकाला साधारण अंदाज असतो. संस्थापकांच्या ऋणाचा उल्लेख, वाटचालीतील टप्पे, गुणवंतांची छायाचित्रे, देणगीदारांची नामावली आणि गुरुजनांविषयीची कृतज्ञता. हे सारे उचितच आहे. ज्यांनी अंगमेहनतीच्या कमाईतून शाळेसाठी विटा आणि वसतिगृहासाठी तांदूळ दिला, त्यांचे स्मरण ठेवणे हे आपले कर्तव्य होय. परंतु जी शाळा तथागतांच्या धम्माला आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारांना स्मरून चालते, तिच्या स्मरणिकेत एखादा लेख कठोर प्रश्नांसाठीही राखलेला असावा, असे आम्हांस वाटते. म्हणून शिक्षकी पेशातील आचरण आणि नीती या विषयावर काही विचार आम्ही माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

शिक्षकाच्या नीतीची चर्चा निघाली की ती बहुधा ठरलेल्या वाटेने जाते. शिक्षकाने वेळेवर यावे, तयारी करून शिकवावे, व्यसनापासून दूर राहावे, मुलांवर हात उगारू नये. यातील बहुतेक गोष्टी आता कायद्यातही आल्या आहेत. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिनियमाने नियमित व वेळेवर उपस्थिती, अभ्यासक्रम मुदतीत पूर्ण करणे, प्रत्येक बालकाची प्रगती पाहून मागे पडलेल्याला जादा शिकवणे आणि पालकांशी नियमित भेटीगाठी ही शिक्षकाची कर्तव्ये ठरवली. त्याच अधिनियमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आणि शिक्षकाने खाजगी शिकवण्या घेऊ नयेत असेही सांगितले. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी आपल्या राज्यात १९७७ चा सेवाशर्तींचा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहे. थोडक्यात, नियमांची उणीव नाही. तरीही शाळांतील आचरणाविषयी पालकांच्या मनात शंका का वाढत आहे?

आमच्या मते त्याचे एक मोठे कारण असे की आपण प्रश्न उशिरा विचारतो. शिक्षक वर्गात कसा वागतो हे आपण पाहतो; तो त्या वर्गापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचला हे विचारण्याचे टाळतो. शिक्षकाच्या नीतीचा पहिला धडा त्याच्या नेमणुकीच्या दिवशी लिहिला जातो आणि तो लिहिणाऱ्यांत शिक्षकाबरोबर संस्थाचालक, अधिकारी आणि आपण सारे समाजबांधवही असतो. हेच या लेखाचे म्हणणे आहे.

प्रथम या पेशाची थोरवी कशात आहे ते पाहू. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाला सहा दिशांचा अर्थ समजावून सांगितला आहे. त्यातील दक्षिण दिशा म्हणजे आचार्य. शिष्याने आचार्यांचा मान कसा राखावा हे तेथे सांगितले आहे. पण तेवढ्यावरच तो उपदेश थांबत नाही. आचार्यांचीही पाच कर्तव्ये त्यात आहेत. शिष्याला चांगले वळण लावणे, शिकवलेले त्याला नीट समजले आहे याची खात्री करणे, आपल्याजवळची विद्या हातचे न राखता देणे, आप्तमित्रांत त्याची चांगली ओळख करून देणे आणि सर्व बाजूंनी त्याचे रक्षण करणे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या उपदेशात गुरुभक्ती एकतर्फी नाही. आपल्या घरांतून यातील पहिला अर्धा भाग मुलांना वारंवार ऐकवला जातो. दुसरा अर्धा भाग शिक्षकांना आणि संस्थाचालकांना मात्र क्वचितच ऐकवला जातो.

बाबासाहेबांच्या चरित्रात शिक्षकाच्या आचरणाची दोन्ही टोके दिसतात. साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. तहान लागली तर शिक्षकाची परवानगीही पुरेशी नसे. नळ सोडण्यासाठी शाळेचा शिपाई लागे, आणि तो नसेल त्या दिवशी तहान तशीच राही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत त्यांनी हे नोंदवून ठेवले आहे. त्या शाळेत शिक्षक होते, अध्यापनही होत होते. नव्हते ते रक्षण. दुसरीकडे मुंबईत विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुस्कर होते. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा एक मुलगा त्यांच्या नजरेस पडला. तो त्यांच्या शाळेचा विद्यार्थी नव्हता, त्यांच्या जातीचा नव्हता. तरी त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या सत्कारसभेत केळुस्करांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे त्याच्यासाठी शब्दही टाकला. सुत्तातील पाचही कर्तव्ये या एका शिक्षकाच्या वागण्यात आढळतात. त्या भेटीचे मोल काय झाले, हे १९५६ च्या नागपूरने जगाला दाखवले.

आता आम्ही वाचकांना विचारतो. आज एखादा असा केळुस्कर आपल्या जिल्ह्यात बी.एड. होऊन घरी बसला असेल, तर तो शाळेच्या फळ्यासमोर कसा पोहोचेल?

याचे उत्तर भंडाऱ्यापासून लाखांदूरपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. फक्त ते व्यासपीठावरून बोलले जात नाही. अनुदानित खाजगी शाळेची रचना अशी आहे की पगार शासनाच्या तिजोरीतून येतो आणि नेमणूक संस्थेच्या हाती असते. संस्थेने निवडलेल्या उमेदवाराला शिक्षण विभागाची वैयक्तिक मान्यता मिळते, मग त्याचा शालार्थ क्रमांक निघतो आणि त्यानंतर त्याचे वेतन सुरू होते. या वाटेवर जितके उंबरे तितकी हात पसरण्याची ठिकाणे. कायम नोकरी, दरमहा शासकीय वेतन आणि निवृत्तीपर्यंतची हमी अशी वस्तू एखाद्याच्या मर्जीवर अवलंबून असली की तिचा बाजार मांडला जातो. मग धानाची शेती विकली जाते, आईचे दागिने गहाण पडतात, सासऱ्याकडून रक्कम आणली जाते. आणि या व्यवहाराला 'डोनेशन' किंवा 'इमारत निधी' असे सभ्य नाव मिळते. शासनाने पवित्र पोर्टलद्वारे गुणवत्तेवर आधारित भरतीचा मार्ग काढला तो याच रोगावर उपाय म्हणून.

हा रोग किती खोल गेला आहे हे गेल्या काही वर्षांत सर्वांनी पाहिले. २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरप्रकारांच्या तपासात डिसेंबर २०२१ मध्ये राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली आणि पुढच्या वर्षी साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर परिषदेने कारवाई केली. एप्रिल २०२५ मध्ये नागपूर विभागातील बनावट शालार्थ क्रमांकांचे प्रकरण उघडकीस आले. शिक्षण उपसंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याला अटक झाली, विशेष तपास पथक नेमले गेले आणि शेकडो नेमणुका संशयाच्या भोवऱ्यात सापडल्या. या प्रकरणाचा पहिला धागा आपल्याच जिल्ह्यातील होता. लाखनी तालुक्यातील एका शाळेत बनावट कागदपत्रांच्या आधारे मुख्याध्यापकपद मिळवल्याच्या तक्रारीतून हा सारा तपास सुरू झाला. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. त्याविषयी आम्ही काही बोलणार नाही. पण तक्रार मुख्याध्यापकाच्या खुर्चीबद्दल होती, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. ज्या खुर्चीसमोर विद्यार्थी खोटे बोलल्याबद्दल मान खाली घालून उभा राहतो, तीच खुर्ची खोट्या कागदावर मिळवल्याचा आरोप व्हावा, याहून शिक्षणक्षेत्राची मानहानी ती कोणती?

येथे कोणी म्हणेल की पैसे देऊन लागलेले कितीतरी शिक्षक मन लावून शिकवतात. हे खरे आहे. त्यांच्यातील अनेक जण स्वतःच या व्यवस्थेचे बळी आहेत. बेकारीच्या कोंडीत सापडलेल्या तरुणाला दोष देणे सोपे असते. परंतु प्रश्न त्यांच्या अध्यापनाचा नाही, त्यांच्या स्वातंत्र्याचा आहे. ज्याने पैसे दिले त्याचे गुपित संस्थाचालकाजवळ असते आणि ज्याने घेतले त्याचे गुपित शिक्षकाजवळ. दोघेही एकमेकांच्या ताब्यात जातात. अशा शिक्षकाला वसतिगृहातील धान्याचा हिशेब विचारता येत नाही. हजेरीपटावरची खोटी नावे दिसली तरी त्याला बोलता येत नाही. सहकाऱ्याचे वागणे खटकले तरी तो गप्प राहतो. आणि संस्थाचालकालाही त्या शिक्षकाला जाब विचारता येत नाही, कारण तो लगेच विचारील, "मग माझे पैसे?" विकत घेतलेल्या जागेमुळे जे पहिले नाहीसे होते ते म्हणजे खरे बोलण्याची ताकद. शिक्षकाजवळ तीच नसेल तर त्याने मुलांना मुसावादापासून विरत राहण्याचे शील कोणत्या तोंडाने द्यावे?

अशा मौनाची किंमत मुले मोजतात. निवासी शाळेत तर ही किंमत फार मोठी असते. दिवसा चालणाऱ्या शाळेतील मूल सायंकाळी आईजवळ जाते. त्याच्या चेहऱ्यावरून आईला काही कळते. निवासी शाळेतील मुलाला रात्रीही शिक्षक आणि अधीक्षकच असतात. आपल्या भागात कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या आईवडिलांची मुले महिनोन्महिने वसतिगृहाच्या भरवशावर असतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये बुलडाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातील पाळा येथील आश्रमशाळेत मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहानग्या मुलींच्या बाबतीत जे घडले, त्यात शाळेकडून पोलिसांना वेळेवर कळवले गेले नाही हा आक्षेप मुख्य होता आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली.

या संदर्भात कायदा काय सांगतो हे प्रत्येक पालकाला माहीत असावे. २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाप्रमाणे, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, असा अपराध घडल्याचे ज्याला कळले त्याने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हाच अपराध असून संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा अपराध दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. आधी संस्थेची बैठक घेऊ, अंतर्गत चौकशी करू, मुलीच्या बापाला समजावू, मग पाहू, असा कोणताही टप्पा त्या कायद्यात नाही. 'संस्थेची बदनामी होईल' हे वाक्य ज्या कार्यालयात उच्चारले जाते तेथे बालकाचे रक्षण संपलेले असते. आणि हे वाक्य कोणाच्या तोंडी लवकर येते? ज्यांची आपापसांत इतरही गुपिते आहेत त्यांच्या.

शिक्षकाच्या हाती केवढी सत्ता असते हे अंगुलिमालाच्या कथेतून दिसते. दरोडेखोर होण्यापूर्वी तो अहिंसक नावाचा, तक्षशिलेत शिकणारा, आज्ञाधारक विद्यार्थी होता. इतर शिष्यांच्या मत्सरी कुजबुजीवर आचार्यांनी विश्वास ठेवला आणि गुरुदक्षिणा म्हणून त्याच्याकडे हजार बोटे मागितली. अट्ठकथेतील ही कथा आपण तथागतांच्या करुणेची कथा म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. पण ती एका शिक्षकाच्या दुराचरणाचीही कथा आहे. आज्ञाधारक मूल शिक्षकाच्या शब्दावर काहीही करते आणि काहीही सोसते. म्हणूनच शिक्षकाच्या शब्दावर, हातावर आणि बंद दारावर बाहेरच्यांची नजर असणे आवश्यक आहे. यात चांगल्या शिक्षकाचा अपमान नाही. उलट खोट्या आरोपापासून त्याचेही त्यामुळे रक्षण होते.

दैनंदिन आचरणातील इतर दोषांकडेही याच दृष्टीने पाहावे लागेल. तथागतांनी परिनिर्वाणापूर्वी आनंदाला सांगितले की आपल्या शिकवणुकीत आचार्याची झाकलेली मूठ नाही. जे होते ते सर्व उघड करून सांगितले. पालीत या झाकलेल्या मुठीला 'आचरियमुट्ठि' असा शब्दच आहे. वर्गात अर्धे शिकवून उरलेले अर्धे सायंकाळच्या शिकवणीत विकणारा शिक्षक ही मूठ झाकतो. दहावीच्या केंद्रावर निकाल वाढवण्यासाठी कॉपीकडे डोळेझाक करणारा शिक्षक विद्यार्थ्याला विद्या न देता केवळ गुणपत्रिका देतो. आणि प्रत्येक उन्हाळ्यात आपल्या विदर्भात जे दिसते ते तर फारच केविलवाणे आहे. संचमान्यतेत जागा टिकावी म्हणून शिक्षक उन्हातान्हात गावोगाव विद्यार्थी गोळा करीत फिरतात. कोठे सायकलीचे, कोठे गणवेशाचे आमिष दाखवले जाते. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर झालेल्या पटपडताळणीत लक्षावधी विद्यार्थी केवळ कागदावर आढळले, त्याची मुळे याच भीतीत आणि याच लोभात होती.

आता सर्वांत अवघड आक्षेपाकडे वळू. संस्था चालवणारे कार्यकर्ते म्हणतात, "शासन वेतनेतर अनुदान वेळेवर देत नाही. इमारत, वीजबिल, वसतिगृहाची दुरुस्ती, हे कोठून आणायचे? आमच्या समाजात धनिक नाहीत. नेमणुकीच्या वेळी चार पैसे घेतले तर ते शाळेलाच लागतात." हा युक्तिवाद आम्ही हलका मानीत नाही. संस्था चालवणे किती कठीण आहे याची आम्हांस जाणीव आहे. तरीही त्याला दोन उत्तरे आहेत आणि योगायोग असा की दोन्ही आपल्या जिल्ह्याच्या मातीतच आहेत.

पहिले उत्तर पवनीचे. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष मिळाले. त्यात ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेले दगडही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेच्या काठी सामान्य उपासक-उपासिकांनी स्तूपासाठी दान दिले आणि ते सर्वांना दिसेल असे दगडावर कोरले गेले. दान आणि किंमत यांतील फरक ओळखण्याची हीच कसोटी आम्ही सुचवतो. जी रक्कम देणाऱ्याच्या नावासह आणि कारणासह या स्मरणिकेच्या देणगीदारांच्या यादीत छापता येईल, ते दान. जी छापता येणार नाही, ती किंमत. आपण दानपारमितेचे नाव घेतो. त्या नावाखाली किंमत वसूल होऊ देऊ नये.

दुसरे उत्तर बाबासाहेबांचे. १९५४ साली त्यांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. तो दोन जागांचा मतदारसंघ होता आणि प्रत्येक मतदाराला दोन मते होती. आपले एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे वाया घालवावे, म्हणजे विजय सोपा होईल, असा हिशेब काही कार्यकर्त्यांनी मांडला. बाबासाहेबांनी त्याला नकार दिला आणि पराभव झाला तरी चालेल, पण मत वाया घालवू नका, असे बजावले, अशी आठवण चळवळीत आजही सांगितली जाते. ते ती निवडणूक हरले. साध्य कितीही मोठे असले तरी साधन शुद्ध असावे हा त्यांचा आग्रह होता. आणि ज्या जिल्ह्यात त्यांनी तो स्वतःच्या पराभवाची किंमत देऊन पाळला, त्या जिल्ह्यात त्यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थांनी इमारतीसाठी साधनशुद्धी सोडावी, हे त्यांच्या स्मृतीस शोभणारे नाही.

शिवाय या व्यवहारात नुकसान कोणाचे होते, हेही पाहिले पाहिजे. बिंदुनामावलीप्रमाणे राखीव असलेली जागासुद्धा विकली जाते तेव्हा ती आपल्याच समाजातील पैसेवाल्याला मिळते आणि आपल्याच समाजातील भूमिहीन मजुराची शिकलेली मुलगी घरी राहते. म्हणजे ज्या आरक्षणासाठी बाबासाहेबांनी आयुष्य वेचले, त्याचा लाभ लिलावात जातो. शिकलेल्या लोकांनी समाजाशी प्रतारणा केल्याची खंत त्यांनी अखेरच्या वर्षांत व्यक्त केली होती. आपण जेव्हा 'दुसऱ्यांच्या संस्थाही हेच करतात' असे म्हणतो, तेव्हा ती खंत खरी ठरवतो. सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. शिक्षकाच्या नोकरीला ते लागू नसेल तर कोणत्या नोकरीला लागू होईल?

मात्र शिक्षकाकडून नीतीची अपेक्षा करणाऱ्या समाजाने आपलीही बाजू तपासावी. विनाअनुदानित तुकडीवर वर्षानुवर्षे बिनपगारी किंवा नाममात्र मानधनावर राबणारे शिक्षक आपल्या राज्यात आहेत. अनुदान आज मिळेल, उद्या मिळेल या आशेवर त्यांचे तारुण्य संपते. शिक्षणसेवकाला प्राथमिक शाळेत दरमहा ६,००० रुपये मिळत. २०२३ पासून ते १६,००० रुपये झाले. कायद्याने जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येतात. प्रत्यक्षात अहवाल, माहिती आणि ऑनलाइन नोंदी यांनी त्याचा अध्यापनाचा वेळ खाल्ला आहे. आळवी येथे भुकेला शेतकरी उपदेश ऐकायला आला तेव्हा तथागतांनी आधी त्याला जेवू घातले आणि मगच धम्म सांगितला. शिक्षकाला नीतीचा उपदेश करण्यापूर्वी त्याच्या घरची चूल पेटते की नाही, हे पाहणे आपले कर्तव्य आहे. ज्याला प्रामाणिक मार्गाने जगता येईल एवढे वेतन मिळते, त्यालाच शिकवणी का घेतोस असे अधिकाराने विचारता येते.

केवळ दोष दाखवून थांबणे योग्य नाही, म्हणून आपल्या शाळेसाठी आणि जिल्ह्यातील अशा सर्व संस्थांसाठी आम्ही काही सूचना करतो. पहिली अशी की प्रत्येक नेमणुकीची जाहिरात, अर्जांची संख्या, निवडीचे निकष आणि गुणानुक्रम शाळेच्या सूचनाफलकावर आणि वार्षिक अहवालात प्रसिद्ध व्हावा. निवड समितीत संस्थेबाहेरील एक जाणकार शिक्षक असावा. दुसरी अशी की उमेदवार, त्याचे नातेवाईक किंवा नव्याने नेमलेला कर्मचारी यांच्याकडून कोणत्याही नावाने देणगी स्वीकारणार नाही, असा ठराव संस्थेने करावा आणि तो याच स्मरणिकेसारख्या जागी छापावा. तिसरी, वसतिगृहात कोणत्याही प्रौढाने एकट्या मुलाला वा मुलीला बंद दाराआड बोलावू नये; तक्रारपेटी पालक प्रतिनिधीसमोर उघडली जावी; आणि गंभीर तक्रार त्याच दिवशी पोलिसांकडे जावी, मग आरोप कोणावरही असो. चौथी, जो कर्मचारी गैरप्रकार उघड करील त्याच्या पाठीशी माजी विद्यार्थ्यांनी उभे राहावे. १९७७ च्या अधिनियमाने अन्यायाने काढलेल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याचा हक्क दिला आहे. पण तेथवर जाण्यासाठी लागणारे बळ माणसांच्या सोबतीतून येते.

यात माजी विद्यार्थ्यांवर विशेष जबाबदारी आहे. आपल्यापैकी अनेक जण आज शासकीय सेवेत, बँकांत, दवाखान्यांत, रेल्वेत किंवा परगावी आहेत. शाळेच्या कार्यक्रमाला येताना आपण पुष्पगुच्छ स्वीकारतो, भाषण करतो आणि परततो. यापुढे प्रत्येकाने दरवर्षी एक ठरावीक रक्कम उघडपणे द्यावी आणि त्याबरोबर उघडपणे हिशेबही मागावा. इमारतीसाठी लागणारा पैसा शंभर माजी विद्यार्थ्यांकडून आला तर तो एका बेकार पदवीधराच्या घरातून आणावा लागणार नाही. पालकांनीही शाळेत जाण्याचा संकोच सोडावा. धानाच्या रोवणीत एक दिवस मोडला तर मजुरी बुडते, हे आम्ही जाणतो. तरी वर्षातून चार वेळा वसतिगृहात येऊन मुलाची झोपण्याची जागा पाहणे, त्याच्याशी एकांतात बोलणे आणि मास्तरांना दोन प्रश्न विचारणे हा तुमचा हक्क आहे. प्रश्न विचारल्याने गुरूचा मान कमी होत नाही. कालामांना तथागतांनी प्रश्न विचारण्यापासून कधी रोखले नाही.

आपल्या शाळेच्या प्रार्थनेत मुले रोज पंचशील ग्रहण करतात. त्यातील दुसरे शील न दिलेले न घेण्याचे आहे आणि चौथे असत्य न बोलण्याचे. ती शीले मुलांबरोबर शिक्षकही म्हणतात आणि व्यासपीठावर बसलेले संस्थाचालकही. जिल्ह्यातील एकेका शाळेने आपली पुढची रिकामी जागा एक रुपयाही न घेता, गुणवत्तेवर, सर्वांसमोर भरली, तर त्या शिक्षकाला वर्गात शील शिकवताना अडखळावे लागणार नाही. ही सुरुवात आपल्या शाळेने करावी अशी आमची नम्र विनंती आहे आणि पुढील स्मरणिकेत अशा नेमणुकीची नोंद वाचावयास मिळावी अशी अपेक्षा आहे.